एका कापूस हंगामाची प्रेमकथा: वऱ्हाडच्या खेड्यात १९३० साल पडद्यावर कसं उभं करायचं

वसाहतीच्या काळातल्या भव्य प्रेमकथा म्हटलं की डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. टेकडीवरचा बंगला, साहेबाचा मळा, क्षितिजापर्यंत पसरलेला मुलूख आणि त्यात मागे कुठेतरी वाकून काम करणारी माणसं, ज्यांना नाव नसतं. तो मुलूख म्हणजे सुंदर पडदा, बस. वऱ्हाडात असा सिनेमा काढायचा असेल तर हे उलटं करावं लागतं. इथे शेत, बाजारभाव आणि जंगल यांनीच दोघांचं प्रेम जुळवलं पाहिजे आणि अडवलंही पाहिजे. तसं केलं तर लहान पैशातही सिनेमा मोठा वाटतो. खालची सगळी माहिती २५-३० माणसांच्या युनिटसाठी, एका गावात राहून काम करणाऱ्यांसाठी आहे.

आधी साल पक्कं करा

"इंग्रजांचा काळ" असं साल नसतं. साल न ठरवता कामाला लागलेल्या सिनेमात १९१० ची पगडी, १९४२ ची घोषणा आणि १९५५ चा स्टोव्ह एकाच ओसरीवर येतात. आमची शिफारस नोव्हेंबर १९२९ ते नोव्हेंबर १९३० अशी आहे, म्हणजे एक पुरा कापूस हंगाम. कारण गोष्ट त्यात आयतीच आहे. १९२९ च्या शेवटी जगभर मंदी आली आणि कापसाचे भाव कोसळले. एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मिठाचा सत्याग्रह झाला. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदजवळच्या जंगलात विनापरवाना गवत कापून जंगल सत्याग्रह केला. लग्न ठरलेल्या मुलीच्या बापाचा कापूस विकला जात नाही आणि ज्याच्यावर तिचा जीव आहे तो विळा घेऊन जंगलात जातो: याहून मोठा पेच लिहून काढायची गरज नाही.

एक चूक फार होते. वऱ्हाड आणि नागपूरकडचा भाग एकच धरला जातो. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागात मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ या वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला द्यायचा; तिथे पाटील, देशमुख, खातेदार, सावकार. अकोल्याच्या गावात "मालगुजारसाहेब" म्हणणारं पात्र आलं की जाणता प्रेक्षक तिथेच उठतो. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं, १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे, आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. कचेरीच्या सीनमध्ये पाटीवर काय लिहायचं ते यावरून ठरतं: "मध्य प्रांत व वऱ्हाड".

शेत मे महिन्यातच सुरू होतं

सिनेमाची खरी तयारी कॅमेऱ्याने नाही, पेरणीने होते. आज वऱ्हाडात जिकडे पाहावं तिकडे बीटी कपाशी आणि सोयाबीन. सोयाबीन आपल्याकडे पसरलं ते गेल्या चार दशकांत. १९३० च्या फ्रेममध्ये ते दिसलं की खेळ संपला. बीटी कपाशी दाट, बोंडं मोठी. तेव्हाची देशी कपाशी वेगळी: पान खोल चिरलेलं आणि अरुंद, फूल पिवळं आणि तळाशी गडद डाग, बोंड लहान, पिकलं की खाली मान घालून उघडतं. जवळच्या शॉटमध्ये हा फरक लपत नाही.

म्हणून अर्धा एकर स्वतः पेरा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने देशी कपाशीचे वाण काढलेले आहेत, एकेए-७ त्यातलाच. मे महिन्यातच चौकशी करा, कारण हे बी कृषी केंद्राच्या फळीवर सहसा सापडत नाही. अर्ध्या एकराला अडीच-तीन किलो बी पुरतं. ओळींत दोन फूट आणि झाडांत एक फूट अंतर ठेवा. मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर, जमिनीत चार बोटं ओल गेल्यावर पेरा. पहिल्याच सरीवर घाई केली आणि पुढे दहा दिवस उघाड पडली तर दुबार पेरणी येते, आणि तुमचं नोव्हेंबरचं शूटिंग डिसेंबरवर जातं. अधूनमधून तुरीच्या ओळी टाका, तेव्हाही टाकत.

ज्वारीचंही तेच. आजची संकरित ज्वारी छातीपर्यंत किंवा फार तर डोक्यापर्यंत येते. जुनी गावरान ज्वारी आठ-दहा फूट जायची, तिच्यात बैलजोडी उभी राहिली तरी दिसत नसे. दोघांच्या भेटीची जागा तीच होती आणि उंची हाच तिचा पडदा होता. संकरित ज्वारीत हा सीन घेतला तर नायकाचं मुंडासं वर तरंगत राहतं आणि भेट चोरटी वाटत नाही. गावरान बी एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे मडक्यात सापडतं. पाच गुंठे पेरलं तरी चालतं. फक्त आजूबाजूला ज्वारी नसल्यामुळे सगळ्या शिवाराची पाखरं तुमच्या पाच गुंठ्यांवर येतात. हुरड्यापासून पुढे मचाण बांधून गोफणवाला बसवा. त्याचाही एक शॉट होतो.

वेचणीच्या सीनमध्ये बायकांच्या कमरेला जुन्या लुगड्याच्या धडप्याची ओटी पाहिजे, खताचं प्लास्टिक पोतं नको. शहरातून आलेल्या नटीला किमान चार दिवस खरोखर वेचायला लावा. उघडलेल्या बोंडाची वाळलेली टोकं टाचणीसारखी असतात, नखाच्या मुळाशी कातडी सोलतात. चौथ्या दिवशी तिचा हात आपोआप तीन बोटांची चिमूट करून रुई ओढायला लागतो आणि टोकं चुकवतो. तो हात अभिनयाने येत नाही.

पहिल्या वेच्याच्या दिवशी सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य शेतात दाखवायचा आणि मगच पहिलं बोंड वेचायचं. तपशील गावागावांत बदलतो, म्हणून ज्या गावात शूटिंग आहे तिथल्याच दोन म्हाताऱ्या बायांना विचारून त्यांच्या पद्धतीने करा. सिनेमा इथूनच सुरू करा. आणि पुढच्या वर्षीच्या सीतादहीवर संपवा, फक्त त्या वेळी दही घालणारा हात दुसरा असेल. दोन्ही सीन एकाच नोव्हेंबरात घेता येतात: सुरुवात हिरव्या पानांच्या शेतात, शेवट पानं लाल पडून झडलेल्या, उशिराच्या तुकड्यावर. हा तुकडा हंगाम सरल्यासारखा दिसावा म्हणून कडेच्या पाव एकराला पाणी कमी द्या.

फ्रेममधून काय उपटायचं ते लिहून ठेवा. गाजर गवत भारतात पसरलं ते १९५० च्या दशकापासून, ते शूटिंगआधी दोन दिवस उपटा, आधी उपटलं तर पुन्हा उगवतं आणि उपटताना हातमोजे घाला, अंगावर खाज उठते. बेशरमची झुडपं, सुबाभूळ, नीलगिरीच्या रांगा टाळा. बाभूळ, कडुनिंब, पळस, मोह, बोर बिनधास्त ठेवा.

घर: सिमेंटवर माती कशी बसवायची

कवेलूंचं (कौलांचं) छप्पर आणि ढेलज (दारालगतची ओसरी) असलेला वाडा विदर्भात अजून मिळतो. पण त्याच्या पुढच्या भिंतीला कधीतरी सिमेंट लागलेलं असतंच. सिमेंटवर थेट माती लिंपली तर ती दुसऱ्या दिवशी पापडासारखी सुटते, कारण धरायला खरबरीतपणा नसतो. आधी कोंबडीजाळी खिळ्यांनी बसवा, दर फुटाला एक खिळा. मालकाला खिळे नको असतील तर बांबूच्या चौकटीवर जाळी ताणून ती भिंतीला टेकवा.

माती काळी वापरू नका. ओल गेली की काळी माती आकसते आणि भिंत भेगाळते. गावठाणातली पांढरी माती घ्या. चार घमेली पांढरी, एक घमेलं बारीक कुटार (भुसा) किंवा गव्हांडा, एक घमेलं शेण. पाणी घालून पायाने तुडवा आणि दोन-तीन दिवस झाकून आंबू द्या. आंबली की चिकटपणा येतो, वासावरून कळतं. पहिला थर अर्धा इंच, हाताच्या तळव्याने दाबून. दोन दिवस सावलीत वाळू द्या, उन्हं लागत असतील तर पोती ओली करून लटकवा. दुसरा थर पातळ, फक्त माती आणि शेणाचा. वरून चुन्याचा हात आणि खाली गुडघ्यापर्यंत गेरूचा पट्टा. चुन्यात नीळ टाकायची ती चिमूटभर. जास्त झाली की कॅमेऱ्यात भिंत आकाशी दिसते.

फरशीवर सारवण टिकत नाही. गोणपाट पसरून त्यावर एक इंच मातीचा थर टाका, मग सारवा. सारवणाच्या रेषा बाईच्या हाताच्या असाव्यात, अर्धगोल. ब्रशने ओढलेली सरळ रेष लगेच ओळखू येते.

तारा, आवाज, चौकट

विजेचे खांब काढता येत नाहीत आणि प्रत्येक शॉटमधून तारा संगणकावर पुसायला पैसा लागतो. त्यापेक्षा कॅमेरा वर न्या, नजर खाली ठेवा. दहा-बारा फुटांच्या मचाणावरून घेतलेल्या शॉटमध्ये आकाश कमी येतं आणि तारा चौकटीबाहेर राहतात. लांबचा शॉट हवा तिथे ८५ किंवा १३५ मिमीची लेन्स लावून मागची टेकडी जवळ ओढा. एखादा खांब हटतच नसेल तर त्याभोवती कडब्याची गंजी रचा.

उघडं आकाश मात्र दोन-तीनदा तरी लागतंच, नाहीतर सिनेमा गुदमरतो. त्यासाठी गावापासून दूर एकच जागा शोधा आणि तिथले सगळे शॉट एका दिवसात उरका. डिसेंबरात सूर्य पावणेसात ते सातच्या दरम्यान उगवतो आणि पावणेसहाच्या सुमाराला मावळतो. तिरपा, मऊ उजेड सकाळी साडेआठपर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर. मधल्या वेळात घरातले सीन घ्या. एप्रिल-मेत शूटिंग ठेवू नका. बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंत काम करतील असे बनवलेले असतात. इथे पारा ४५ वर जातो.

आवाजाचा शत्रू म्हणजे शेतातली मोटर. लाइनमनकडून थ्री-फेजचं वेळापत्रक आठवडाभर आधी घ्या. ज्या वेळी शेतीची लाइन बंद, त्या वेळी संवादाचे सीन. आपला जनरेटर शंभर मीटर दूर, मातीच्या भिंतीआड आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

बंड्या आणि बाजार

कापसाच्या बाजाराचा सीन सिनेमाची भव्यता ठरवतो. खामगाव हे तेव्हाचं नावाजलेलं कापूस बाजारपेठेचं गाव. १८७० मध्येच तिथे रेल्वेचा फाटा पोचला होता, तोही कापसासाठीच. पण चारशे बंड्या (बैलगाड्या) जमवायची गरज नाही. बारा पुरतात. आठ रांगेत, चार मागून सारख्या फिरत्या. बैलांच्या जोड्या बदलत राहा, कारण प्रेक्षक बंडी विसरतो पण पांढरा आणि कबरा बैल लक्षात ठेवतो.

आज बहुतेक बंड्यांना टायर आहेत. लाकडी आरे आणि लोखंडी धाव (चाकाभोवतीची पट्टी) असलेली चाकं शोधायला महिना द्या. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली धाव सैल झालेली असते, चालवली की निखळते. चाकं दोन दिवस पाण्यात किंवा ओल्या पोत्यांत ठेवा. लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते.

बंडी पूर्ण कापसाने भरू नका, पैसे जातील आणि आगीची भीती वाढेल. बांबूचा साटा, आत कुटाराची पोती, वर तट्ट्या, आणि सगळ्यात वर वीतभर कापूस. एका बंडीला ४०-५० किलो लागतो. कापसाजवळ विडी, उदबत्ती, उघडी वात काहीही नको. पाण्याचे दोन ड्रम आणि वाळूच्या बादल्या हाताशी. जिनिंगमध्ये (सरकी काढायच्या कारखान्यात) आग लागल्याचा सीन असेल तर आग वेगळ्या रिकाम्या जागी लावून घ्या आणि कापूस वेगळा घ्या, संकलनात जोडा.

व्यवहार रुपये, आणे, पैमध्ये: १६ आण्यांचा रुपया, ४ पैशांचा आणा, ३ पैंचा पैसा. नाणी पंचम जॉर्जची, १९११ नंतरची. दलाल आणि अडत्या भाव तोंडाने बोलत नसत, धोतराच्या किंवा रुमालाच्या आड बोटं दाबून ठरवत. याच सीनमध्ये बापाचा चेहरा पडलेला दाखवा. रुमालाखालची बोटं आणि वर त्याचे डोळे, एवढंच. मंदीवर एकही भाषण नको.

यवतमाळ-मूर्तिजापूरची नॅरोगेज, आपली शकुंतला, आता धावत नाही. तिचं वाफेचं इंजिन १९९४ मध्येच निवृत्त झालं. गाडीचा डबा आणि इंजिन जवळून बघून मोजमाप घ्यायचं असेल तर नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. निरोपाच्या सीनला गाडी दाखवणं गरजेचं नाही. फलाटाचा तुकडा, एका बाजूने सोडलेला धूर, डब्याच्या खिडक्यांच्या सावल्या तिच्या अंगावरून सरकताना, आणि आवाज. सावल्यांसाठी लाकडी चौकटीला चौकोन कापून दोन माणसांनी ती दिव्यापुढून पळवायची.

कपडे

धागा जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. मणी झाला की तो कपडा परत. लुगडं नऊवारी, म्हणजे आठ मीटरच्या वर. दोन सहावारी जोडायची वेळ आली तर शिवण काष्ट्यात जाईल अशी जोडा. चोळी गाठीची, हुक आणि चेन नको. श्रीमंत घरासाठी विदर्भाचीच करवतकाठी लुगडी वापरा.

नवा कपडा धुण्याच्या सोड्यात पाच-सहा वेळा धुवा, मग दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम चहापूड आणि मूठभर मीठ टाकून वीस मिनिटं उकळवा. ओला असताना एक छटा गडद दिसतो, म्हणून वाळल्यावरच ठरवा. कोपरं आणि गुडघे विटेच्या तुकड्याने घासा.

गांधी टोपी १९२० नंतरची, म्हणजे आपल्याला चालते, पण सगळ्यांच्या डोक्यावर नको. म्हातारे पागोट्यात, शेतकरी रुमाल किंवा मुंडाशात. नटीच्या भुवया दोन महिने कोरू देऊ नका, आणि गर्दीतल्या पोरांचे बाजूने कातरलेले केस झाकता येत नाहीत, त्यांना रुमाल बांधा. म्हाताऱ्या बायांचं खरं गोंदण दिसू द्या.

माणसं मिळतात. पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटकं करणारे कलावंत आहेत, आवाज कमावलेला, रात्ररात्र उभे राहायची सवय. पण त्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो, नेमका आपल्या वेचणीशी भिडतो. ऑगस्टमध्येच तारखा बोला. आणि त्यांना एक गोष्ट समजावून सांगा: मंचावर शेवटच्या रांगेसाठी बोलतात, इथे मायक्रोफोन वीतभर अंतरावर आहे.

कंदील

खऱ्या कंदिलाने चेहरा उजळत नाही. कंदिलाच्या काचेत, कॅमेऱ्याच्या उलट बाजूला, पिवळ्या प्रकाशाचा पाच वॅटचा छोटा एलईडी लपवा, २२०० केल्विनच्या आसपासचा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० वर ठेवला की उजेड केशरी होतो. तार बाईच्या पदराखालून. काचेला वरच्या बाजूने थोडी काजळी धरू द्या. चकचकीत काच दिव्याला खोटं पाडते.

बोली आणि प्रेम

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. घरात आणि शेतात वऱ्हाडी, कचेरीत हिंदी-इंग्रजी मिसळलेलं, वकिलाच्या तोंडी पुस्तकी मराठी. वऱ्हाडीला विनोदाची भाषा करू नका. गेल्या कित्येक वर्षांत "काऊन" (का) म्हटलं की हसायचं अशी सवय लावली गेली आहे. प्रेम, मरण, अपमान, सगळं त्याच बोलीत बोललं जात होतं.

तेव्हाचे दोघं हात धरून फिरत नसत. नाव घेत नसत. तो शेतावर आला की तिने गडवा पुढे करायचा, तोंड दुसरीकडे:

"दोन घोट पाणी तं पेऊन जा."

"मले तहान नाही."

"मंग कायले आले होते?"

तो पाणी पितो. गडवा परत देताना दोघांची बोटं काठावर असतात, पण लागत नाहीत. कॅमेरा बोटांवर, पाच सेकंद, संगीत नाही. असं तीनदा झालं की चौथ्या वेळी बोट लागलं तर थिएटर श्वास धरतं.

पत्राचा उपयोगही तेव्हाच्या परिस्थितीतून करा. जुन्या लोकांचे हिशेब आणि पत्रं मोडी लिपीत, शाळेत गेलेली मुलगी बालबोध (देवनागरी) वाचते. त्याने तुरुंगातून मोडीत लिहिलेलं पत्र तिच्या हाती येतं आणि ती ते वाचू शकत नाही. वाचून घ्यायचं तर बापाकडेच जावं लागतं. मोडी जाणणारा माणूस शोधून खरं पत्र लिहवून घ्या, टाकाने. बॉलपेनची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची येते, टाकाची जाड-बारीक होते.

परवानग्या

बैल दाखवायचे असतील तर भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते, पशुवैद्यकाच्या दाखल्यासह. नंतर ती मिळवता येत नाही आणि तिच्याशिवाय सेन्सॉरला अडतं. बैल पळवायचे, पडायचे सीन लिहूच नका. नेहमीच्या चालीने बंडी ओढताना दाखवा. जंगल सत्याग्रहाच्या सीनसाठी मेळघाटच्या गाभ्यात जायची गरज नाही, पण गावाजवळचं झुडपी रानही वनजमीन असू शकतं, वनखात्याला विचारल्याशिवाय तिथे विळा चालवू नका. सीनसाठी लागणारं गवत एखाद्या शेतकऱ्याच्या पडीत रानात वाढू द्या; पावसाळ्यात ते कमरेला लागतं. ड्रोनसाठी सरकारी हवाई नकाशावर त्या जागेचा रंग आधी बघा: हिरवा, पिवळा की लाल, त्यावर परवानगी ठरते.

शूटिंग संपल्यावर भिंतीची जाळी काढाल तेव्हा लावलेले आणि काढलेले खिळे मोजा. दोनशे लावले तर दोनशे परत आले पाहिजेत. शेवटी लोहचुंबक दोरीला बांधून अंगण आणि बंडीचा रस्ता फिरवा. त्याच वाटेने दुसऱ्या दिवशी बैल जाणार असतात, आणि खुरात गेलेला खिळा ऐन हंगामात जोडी बसवून ठेवतो.